ट्रकचे ब्रेक स्वतः बदलल्यानंतर पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारी: पेडल खाली जाणे, चाक तापणे, गाडी एका बाजूला ओढणे

ट्रकचे ब्रेक पॅड, लायनर (ड्रमच्या आत घासणारे अस्तर) किंवा व्हील सिलिंडर (ड्रममधला, ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणारा छोटा सिलिंडर) स्वतः बदलणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारी तक्रार ठरावीक असते. काम संपते तेव्हा ब्रेक व्यवस्थित लागतात. मग थोड्याच दिवसांत पेडल खाली जाऊ लागते किंवा एखादे चाक तापू लागते. पुन्हा ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढली, ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधील अंतर जुळवणारा भाग) थोडा आवळला की तात्पुरता फरक पडतो आणि काही दिवसांनी तीच तक्रार परत येते. अशा वेळी बहुतेक जण नव्या सुट्या भागाला दोष देऊन दुसरा आणतात. परंतु बदलाआधी नसलेला दोष बदलानंतर आला असेल, तर तो बहुतेक वेळा भागात नसून त्या भागाच्या जोडणीत, किंवा तो बसवताना हलवलेल्या शेजारच्या एखाद्या वस्तूत असतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, जी दुरुस्ती एकदा करून टिकली नाही ती कारण न शोधता दुसऱ्यांदा करू नये. प्रत्येक वेळी हवा काढल्याने आणि प्रत्येक वेळी आवळल्याने दोष जात नाही, फक्त झाकला जातो, आणि ब्रेकच्या बाबतीत झाकलेला दोष उघड्या दोषापेक्षा जास्त घातक असतो.

पुढील मजकुराचा मोठा भाग हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकच्या पिकअप आणि हलक्या ट्रकविषयी आहे. त्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी रचना बहुधा आढळते. एअर ब्रेकच्या जड ट्रकविषयी शेवटी स्वतंत्रपणे लिहिले आहे, कारण तिथे दोष पेडलपेक्षा चेंबरच्या (हवेच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या डब्याच्या) दांड्यावर आधी दिसतो.

हात लावण्यापूर्वी

पेडल बुडत असेल किंवा चाक मोकळे फिरत नसेल, तर गाडी रस्त्यावर काढून "चालवून पाहू" असे करू नये. निदानाच्या बहुतेक चाचण्या गाडी जागेवर उभी असतानाच होतात. जमीन सपाट असावी, जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून-मागून अडसर लावावेत, आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने धुवून काढावी.

पाने हातात घेण्याआधी एका कागदावर या कामात काय काय उघडले, सोडले, दाबले किंवा फिरवले ते क्रमाने लिहून काढावे: कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) कोणत्या बाजूचा, कोणता होज पाइप (चाकाकडे जाणारी लवचिक रबरी नळी) सोडला, टाकीतील ब्रेक ऑइल किती खाली गेले होते, हँडब्रेकची केबल ढिली केली होती का, हब (चाक ज्यावर बसते तो मध्यभाग) उतरवला होता का. ही यादी तयार झाली की शोधाची व्याप्ती बहुतेक वेळा निम्म्यावर येते.

पेडल नेमके कसे वागते?

"ब्रेक लागत नाही" ही तक्रार निदानाला पुरेशी नाही, कारण तिच्यात किमान चार वेगळे दोष दडलेले असतात आणि पाय त्यांच्यातील फरक ओळखू शकतो. पेडल दाबल्यावर स्पंजासारखे दबत असेल, म्हणजे जितका जोर लावावा तितके आणखी थोडे खाली जात असेल, तर नळ्यांमध्ये हवा आहे. ब्रेक ऑइल दाबले जात नाही, हवा दाबली जाते आणि पायाचा जोर तिथेच खर्च होतो. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, पण तीन-चार वेळा भराभर मारल्यावर वर येऊन घट्ट होते, असे असेल तर बहुधा हवा नसून अंतराचा प्रश्न असतो: शू (लायनर लावलेले वक्र भाग) ड्रमपासून किंवा पॅड डिस्कपासून फार लांब आहेत. पेडल सुरुवातीला चांगल्या उंचीवर घट्ट लागते, पण पाय स्थिर दाबून ठेवल्यावर अर्ध्या-एक मिनिटात सावकाश बुडत जाते, तेव्हा ऑइल कुठेतरी बाहेर गळते आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइल नळ्यांत ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) आतल्या आत सीलवरून मागे सरकते आहे. आणि पेडल दगडासारखे कठीण असून गाडी थांबत नसेल, तर बूस्टरकडे (निर्वाताच्या मदतीने पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाकडे) पाहावे लागते.

बूस्टरची चाचणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारावे, म्हणजे साठलेला निर्वात संपतो. मग पेडल मध्यम जोराने दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. बूस्टर चांगला असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली सरकते. ते मुळीच हलले नाही तर निर्वाताचा पाइप निखळला आहे का, त्यातील एकमार्गी झडप उलटी बसली आहे का आणि डिझेल इंजिनच्या बाबतीत निर्वात पंप काम करतो आहे का, ते पाहावे. डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखा आयता निर्वात मिळत नसल्यामुळे तिथे स्वतंत्र पंप असतो.

दोष कोणत्या चाकाकडे आहे हे ठरवण्यासाठी होज पाइप दाबण्याच्या खास गुळगुळीत क्लॅम्पचा उपयोग होतो. सर्व होज पाइप हलकेच बंद करून पेडल दाबावे. पेडल उंच आणि घट्ट लागले तर मास्टर सिलिंडर ठीक आहे; मग एकेक क्लॅम्प सोडत जावे आणि ज्याचा क्लॅम्प सोडताच पेडल खाली जाते त्या चाकावर लक्ष केंद्रित करावे. सर्व क्लॅम्प लावूनही पेडल बुडत असेल तर चाकांकडे वेळ घालवण्यात अर्थ नाही. पक्कडीने मात्र होज कधीही दाबू नये, कारण आतला थर फाटला तर एका दोषाचे दोन होतात.

हवा काढूनही हवा का राहते

कॅलिपर बदलल्यानंतर कितीही वेळा हवा काढली तरी पेडल स्पंजासारखेच राहत असेल, तर चाकाजवळ बसून हवा काढण्याची निपल कॅलिपरवर कुठे आहे ते नीट पाहावे. ती कॅलिपरच्या सर्वांत वरच्या भागात असली पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला तर तो अनेक गाड्यांत निमूटपणे बसतो, बोल्टही जुळतात, पण निपल खाली जाते आणि वर अडकलेला बुडबुडा तिच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. पारदर्शक नळीतून स्वच्छ ऑइल येत राहते, काम करणाऱ्याला हवा संपली असे वाटते, आणि पेडल मात्र तसेच राहते. कॅलिपर अदलाबदल करून योग्य बाजूला बसवणे हाच यावरचा उपाय आहे.

मालवाहू गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट हमखास निसटते. मागच्या धुरीजवळ अनेक पिकअप आणि ट्रकना भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो एका दांड्याने किंवा स्प्रिंगने धुरीला जोडलेला असतो. चासी उचलल्यावर धुरी लोंबकळते, व्हॉल्व्हला गाडी पूर्ण रिकामी असल्यासारखे भासते आणि तो मागच्या चाकांकडे जाणारा प्रवाह आवळतो. अशा स्थितीत मागच्या चाकांची हवा काढली तर ती अर्धवट निघते. म्हणून स्टँड धुरीखाली लावून धुरीवर गाडीचे वजन ठेवावे आणि मगच हवा काढावी. काम करताना या व्हॉल्व्हचा दांडा वाकला किंवा निखळला असेल, तर भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक दुबळे पडतात आणि सगळे ओझे पुढच्या पॅडवर येते. पुढचे नवे पॅड अकाली झिजण्याचे हेही एक कारण असते.

हवा काढण्याचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच पाळावा. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यावे लागते, परंतु तिरप्या जोडणीच्या (एक पुढचे चाक आणि विरुद्ध बाजूचे मागचे चाक एका नळीमार्गावर असलेल्या) रचनेत हा क्रम वेगळा असू शकतो. काम चालू असताना टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नये. ती रिकामी झाली तर हवा थेट मास्टर सिलिंडरमध्ये शिरते आणि चाकांकडून काढताना ती सहज निघत नाही. मग मास्टर सिलिंडरची हवा आधी स्वतंत्रपणे काढावी लागते. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हवा एबीएसच्या युनिटपर्यंत गेली असेल, तर अनेक मॉडेलमध्ये स्कॅनरने त्या युनिटमधील व्हॉल्व्ह आणि पंप चालवल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. तिथे घरी पेडल मारत बसण्यापेक्षा स्कॅनर असलेल्या कारागिराकडे जाणे हाच शहाणपणा आहे.

निपलला निर्वात पंप लावून हवा काढणाऱ्यांना कधी कधी बुडबुडे संपतच नाहीत असे दिसते. ही हवा बहुधा निपलच्या आट्यांमधून बाहेरून ओढली जात असते, नळ्यांतील नसते. अशा वेळी दुसऱ्या माणसाला पेडलवर बसवून पारंपरिक पद्धतीने खात्री करावी: पेडल दाबल्यावर निपल उघडायची, ती बंद केल्यावरच पेडल सोडायचे. एक काळजी मात्र आवर्जून घ्यावी. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत मारू नये. मास्टर सिलिंडरचे सील रोजच्या वापरात ठरावीक पट्ट्यातच फिरतात आणि त्यापुढच्या भागात गंज व गाळ साठलेला असतो. सील तिथे गेले की ओरखडतात आणि पेडल सावकाश बुडण्याचा दोष हवा काढण्याच्या कामातूनच जन्माला येतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळते.

ऑइल बाहेर गळताना दिसत नसूनही टाकीतील पातळी उतरत असेल, तर दोन जागा पाहाव्यात. पहिली म्हणजे मागच्या व्हील सिलिंडरचे रबरी टोपण. ते बोटाने अलगद उचलून आत ओल आहे का ते पाहावे. दुसरी म्हणजे मास्टर सिलिंडर आणि बूस्टर जिथे मिळतात तो सांधा, कारण मागचे सील गेले की ऑइल बूस्टरच्या पोटात जमा होते आणि जमिनीवर एक थेंबही पडत नाही. होज पाइपच्या आरपार बोल्टखाली असलेले तांब्याचे वॉशर जुनेच वापरले असतील तर तिथेही ओल सापडते. हे वॉशर दोन्ही बाजूंना नवे लागतात.

पेडल थंड असताना चांगले आणि लांब उतार उतरल्यावर मऊ पडते, गाडी थंड झाली की पुन्हा ठीक होते, ही तक्रार हवेची वाटली तरी ती बहुधा जुन्या ऑइलची असते. ग्लायकॉलवर आधारलेले ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ या प्रतीच्या ऑइलसाठी ठरवलेला किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत २०५ अंश सेल्सिअस आणि ओलाव्यासह १४० अंश आहे, तर डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ अंश आहेत. ऑइल उकळले की वाफ तयार होते आणि वाफ हवेसारखीच दबते. यावर उपाय संपूर्ण ऑइल बदलणे हाच आहे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते. ते डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ मध्ये मिसळू नये.

पेडल काही दिवसांनी पुन्हा खाली जाते तेव्हा

या तक्रारीचे सर्वांत दुर्लक्षित कारण मागच्या ड्रममध्ये असते. स्वयंचलित ॲडजस्टरची दातेरी चाकी डाव्या आणि उजव्या चाकासाठी वेगळी असते. एकीचे आटे डावे, दुसरीचे उजवे. दोन्ही ड्रम एकाच वेळी उघडून सगळे भाग एका ट्रेमध्ये टाकले की त्यांची अदलाबदल सहज होते. मग ॲडजस्टर शूमधील अंतर कमी करण्याऐवजी दर वेळी थोडे वाढवतो. हाताने आवळून दिल्यावर पेडल उंच लागते, गाडी काही दिवस चालते, आणि पेडल पुन्हा खाली येते. हा दोष आवळून कधीच जाणार नाही. ड्रम उघडून चाकीवरील डाव्या-उजव्याची खूण पाहावी, आटे स्वच्छ करून त्यांना उष्णता सोसणारे ग्रीस बारीक लावावे आणि हाताने ढकलून खटका योग्य दिशेने दाता पकडतो की नाही ते डोळ्यांनी पाहावे. पुढच्या वेळी एका बाजूचा ड्रम पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसरा उघडू नये, म्हणजे नमुना समोर राहतो.

त्याच ठिकाणी शूची जागाही तपासावी. ज्या रचनेत एका शूचे लायनर आखूड आणि दुसऱ्याचे लांब असते, तिथे आखूड लायनरचा शू गाडीच्या पुढच्या दिशेला आणि लांब लायनरचा मागच्या दिशेला बसतो. एका चाकात ते उलटे बसले तर त्या चाकाचे ब्रेक दुबळे पडतात आणि लायनर विषम झिजते.

हँडब्रेकची केबल आधी आवळून नंतर शूचे अंतर लावणे ही क्रमाची चूकही फार आढळते. केबल ताणलेली असेल तर शू आपल्या मूळ टेकूवर बसतच नाहीत आणि स्वयंचलित ॲडजस्टरही नीट काम करत नाही. आधी केबल ढिली करावी, ड्रम हलकासा घासत फिरेल इतके अंतर लावावे, आणि शेवटी केबलचा ताण जुळवावा. ड्रमवर कमाल व्यासाचा आणि डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. ड्रम त्या आकड्यापलीकडे झिजला असेल तर नवे शू त्याच्या वक्रतेला पूर्ण टेकत नाहीत आणि पेडल नेहमीच खोल राहते.

खड्ड्यातून किंवा वळणावरून गेल्यानंतर फक्त पहिला ब्रेक खोल जातो आणि दुसरा व्यवस्थित लागतो, अशी तक्रार असेल तर हबच्या बेअरिंगकडे पाहावे. डिस्क काढताना हब उतरवला असेल आणि बेअरिंगचा नट ढिला राहिला असेल, तर चाक डोलते, डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पहिल्या दाबाचा प्रवास ते अंतर भरण्यात जातो.

चाक तापणे आणि ब्रेक चिकटून राहणे

सपाट रस्त्यावर फारसा ब्रेक न वापरता थोडे अंतर चालवून चारही चाकांचे तापमान अंतरावरून मोजणाऱ्या तापमापकाने नोंदवावे. ही गाडी चालवण्याची चाचणी पेडल पूर्णपणे विश्वासार्ह असेल तरच करावी. एकाच धुरीवरच्या दोन चाकांत ठळक फरक असेल तर दोष एका चाकाचा आहे. सगळीच चाके तापत असतील तर कारण वर, पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या भागात आहे.

एकाच चाकाचा ब्रेक चिकटत असेल तर चाक उचलावे, पेडल दाबून सोडावे आणि हाताने चाक फिरत नाही याची खात्री करून त्या चाकाची निपल क्षणभर उघडावी. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर दाब नळीत अडकून पडला आहे. अशा वेळी होज पाइपवर संशय घ्यावा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या जुन्या होजचा आतला थर सुटून झडपेसारखा वागतो: पायाच्या जोराने ऑइल आत जाते, पण परत येत नाही. पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवला असेल तर हा बिघाड त्यामुळेही होतो. कॅलिपर नेहमी तारेने चासीला टांगावा. होज बसवताना पिळली गेली आहे का, हेही पाहावे.

निपल उघडूनही चाक जाम राहिले तर कारण यांत्रिक आहे. कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने आत-बाहेर सहज सरकल्या पाहिजेत. त्या अडकल्या असतील तर आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप जास्त झिजलेला दिसतो. पिनांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावावे. साधे पेट्रोलियम ग्रीस रबराला फुगवते आणि पिना पुन्हा अडकतात. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढावा. नवा पॅड खाचेत हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर तो सोडल्यावर मागे येणार नाही हे तेव्हाच ओळखावे.

सर्व चाके तापत असतील तर पेडलला थोडी मोकळी चाल आहे का ते बोटाने दाबून पाहावे. बूस्टरमधून येणारा दांडा लांब राहिला असेल, किंवा ब्रेक लाइटचा स्विच पेडलला वर येऊ देत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील परतीचे छिद्र उघडत नाही. ऑइल तापून प्रसरण पावते, परत टाकीत जाऊ शकत नाही आणि गाडी जितकी चालेल तितके ब्रेक अधिकाधिक आवळत जातात. ब्रेक जाम असताना मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरील दोन नट थोडे ढिले केल्यावर चाके मोकळी झाली तर दांड्याची किंवा पेडलची जुळणी चुकली आहे. ही चाचणी झाल्यावर नट लगेच पूर्ववत आवळावेत.

टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचे ऑइल पडले असेल, तर यांपैकी कोणतीही चाचणी करण्यात अर्थ नाही. खनिज तेलाने रबर फुगते, आणि त्या तेलाच्या संपर्कात आलेले मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपर यांची सीले व होज बदलून नळ्या धुतल्याशिवाय ती गाडी सुरक्षित होत नाही. टाकीच्या झाकणाचे रबर फुगून झाकण बसेनासे होणे ही याची पहिली खूण असते.

ओढणे, हादरे आणि आवाज

ब्रेक लावताना गाडी डावीकडे ओढत असेल तर दोष उजवीकडे असण्याची शक्यता तितकीच असते, कारण गाडी जोरात लागणाऱ्या बाजूला वळते आणि दुबळी बाजू मागे राहते. लायनरला ग्रीस किंवा ऑइल लागले असेल तर ते धुवून वापरू नये. दोन्ही बाजूंचे एकत्र बदलावेत, आणि एका धुरीवर दोन वेगळ्या प्रतींचे लायनर कधीही लावू नयेत. नव्या डिस्कवर गंजरोधक तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसला नसेल तर पहिले काही ब्रेक घसरतात आणि ते तेल पॅडमध्ये मुरते.

नवी डिस्क बसवल्यावर पेडलमध्ये धडधड जाणवत असेल तर डिस्क वाकडी असल्याचा निष्कर्ष काढण्याआधी ती काढून हबचा पृष्ठभाग पाहावा. तिथे राहिलेला गंजाचा पातळ पापुद्राही डिस्कच्या कडेला मोठा डोल निर्माण करतो. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळावेत. पहिल्या काही दिवसांतली किरकिर पॅड रुळल्यावर कमी होते. धातूवर धातू घासल्याचा आवाज मात्र कधीही रुळत नाही आणि गाडी तिथेच थांबवावी.

एअर ब्रेकचा ट्रक असेल तर

सर्वांत आधी एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. मागच्या धुरीवरच्या स्प्रिंग ब्रेकच्या चेंबरमध्ये अत्यंत ताकदीची दाबलेली स्प्रिंग असते. तो चेंबर उघडण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये. स्प्रिंग बांधून ठेवण्याचा बोल्ट लावूनच चेंबर संपूर्ण बदलावा.

लायनर बदलल्यानंतर एअर ब्रेक दुबळे पडण्याचे कारण बहुतेक वेळा चेंबरच्या दांड्याच्या प्रवासात सापडते. हवेच्या टाकीत सुमारे ६.२ ते ६.९ बार दाब ठेवून इंजिन बंद करावे, चाकांना अडसर लावून पार्किंग ब्रेक सोडावा, आणि चेंबरच्या तोंडाशी दांड्यावर खडूने बारीक रेघ ओढावी. दुसऱ्या माणसाने पेडल पूर्ण दाबले की रेघ बाहेर सरकते. चेंबरचे तोंड आणि रेघ यांतील अंतर मोजपट्टीने घ्यावे. उत्तर अमेरिकेतील तपासणीच्या निकषांनुसार ३० क्रमांकाच्या साध्या चेंबरसाठी ५१ मिलिमीटर आणि २४ क्रमांकाच्या साध्या चेंबरसाठी ४४ मिलिमीटर ही मर्यादा आहे. लांब प्रवासाच्या चेंबरची मर्यादा वेगळी असते, म्हणून चेंबरवरील खूण आधी वाचावी. एकाच धुरीच्या दोन्ही बाजूंचे माप जवळपास सारखे आले पाहिजे.

माप जास्त आले की पाना लावून स्लॅक ॲडजस्टर (चेंबरचा दांडा आणि शू उघडणारा कॅमशाफ्ट यांना जोडून अंतर जुळवणारा भाग) आवळण्याची सवय पक्की असते, आणि माझा सर्वांत जास्त आक्षेप याच सवयीला आहे. स्वयंचलित स्लॅक ॲडजस्टर स्वतः अंतर राखण्यासाठीच बनवलेला असतो. नव्या लायनरनंतर त्याला एकदा बसवावे लागते: शू ड्रमला टेकेपर्यंत आवळून बहुतेक रचनांत अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि पुढचे काम त्यावर सोडायचे. त्यानंतरही तो पुन्हा पुन्हा मापाबाहेर जात असेल तर तो स्वतः निकामी आहे, चुकीच्या कोनात बसला आहे, किंवा कॅमशाफ्टचे बुश व दांड्याच्या टोकाची पिन झिजलेली आहे. हाताने आवळल्यावर तपासणीच्या दिवशी माप बरोबर येते आणि घाटात ते पुन्हा सुटते. म्हणून कॅमशाफ्ट हाताने वर-खाली हलवून बुशमधील ढिलाई पाहावी, पिन काढून तिची झीज पाहावी, आणि डाव्या-उजव्या बाजूचे एस आकाराचे कॅम अदलाबदल झाले नाहीत ना याची खात्री करावी. लायनर बदलताना शू परत ओढणाऱ्या स्प्रिंगही नव्याच घालाव्यात, कारण जुन्या ढिल्या स्प्रिंगमुळे शू ड्रमला चिकटून राहतात.

हवेची गळती पाहण्यासाठी इंजिन बंद करून पेडल पूर्ण दाबून धरावे आणि एक मिनिट मीटर पाहावा. अमेरिकेतील व्यावसायिक चालकांच्या परीक्षेत एकट्या गाडीसाठी मिनिटाला ३ पीएसआयपेक्षा, म्हणजे सुमारे ०.२ बारपेक्षा, जास्त घट मान्य नाही. घट जास्त असेल तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत, आणि चेंबरच्या पडद्याकडून सुरुवात करावी.

रस्त्यावर नेण्यापूर्वी

पॅड बदलताना पिस्टन आत दाबलेले असतात, म्हणून गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत मारावे. मग मोकळ्या जागेत अगदी कमी वेगाने थांबून पाहावे, आणि त्यानंतरच पॅड रुळवण्याचे काम करावे. उत्पादकाने वेगळी पद्धत दिली नसेल तर ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करणे, मध्ये ब्रेक थंड होऊ देणे आणि हे अनेक वेळा करणे ही प्रचलित रीत आहे. तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून गाडी उभी ठेवू नये, कारण पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि धडधडीची नवी तक्रार सुरू होते. शंभरएक किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत, टाकीतील पातळीची पहिल्या दिवसाच्या पातळीशी तुलना करावी, आणि एअर ब्रेकच्या गाडीत खडूची रेघ ओढून दांड्याचा प्रवास पुन्हा एकदा मोजावा.